टेबलाखालची शाळा

४ फेब्रुवारी

ताई,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतंच 'ताई' लिहिलं आहे. त्याच्या आधी थोडी जागा सोडली आहे, तिथे काही लिहावंसं वाटलं तर मागाहून लिहीन. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी दुसऱ्याच वाक्याला हातघाईवर येतो. पत्रात निदान कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही.

बाबा गेल्यावर तू म्हणालीस, 'दुकान विकून टाक', आणि मी म्हणाले, 'तू तुझं बघ'. त्यालाही आता दोन वर्षं होतील. तर दुकान चालू आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला विचारायला नको आणि मला चिडायला नको. लोक अजूनही कपडे मळवतात आणि आपल्याकडेच आणून टाकतात. आमचं बरं चाललं आहे.

मला तुला एकच प्रश्न विचारायचा आहे. पण तो कुठून आला ते सांगितल्याशिवाय तुला कळायचा नाही, म्हणून जरा दमानं घे.

चिमटीला यंदा शाळेत घालायचं आहे. तू पाहिलीस तेव्हा ती सारखी माझ्या पायाला चिकटून असायची, दोरीवरच्या चिमट्यासारखी. नाव पडलं ते त्यावरूनच. आता पाय सोडलाय आणि तोंड सुरू झालंय. सकाळी डोळ्यांच्या आधी तोंड उघडतं. एवढ्याशा पोरांसाठी इथे इतक्या खासगी शाळा निघाल्या आहेत की विचारू नकोस. प्रत्येकीचं म्हणणं असं, की पोर या वयात आमच्याकडे आलं नाही तर जन्माचं वाया गेलं. पण माझ्या मनात एकच शाळा होती. तुझी, लोखंडी फाटकाची. लहानपणी रोज मी बाबांचं बोट धरून त्या फाटकाबाहेर उभी राहायचे. तू बाहेर आलीस की फाटक पुन्हा बंद व्हायचं. आपल्या दोघींतल्या एकीलाच तिथे घालणं बाबांना झेपणार होतं, आणि मोठी तू होतीस. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आताही बोलत नाहीये, नुसतं सांगतेय.

तर गेल्या आठवड्यात मी, चिमटी आणि तिचे बाबा, असे तिघंही त्या फाटकातून आत गेलो. यांनी एकाच शर्टाला पुन्हा पुन्हा इस्त्री केली होती. लाँड्रीवाल्याच्या घरी इस्त्रीला काय तोटा. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघांना आपल्या खोलीत बसवलं आणि चिमटीला बाहेर व्हरांड्यात खेळण्यांपाशी सोडलं. बाईंनी विचारलं, मुलीला कशाची आवड आहे? हे म्हणाले, "चित्रकलेची." ताई, तिनं आजवर भिंतीवर एक रेघ ओढली आहे, तीही पळता पळता. मी म्हणाले, "बोलण्याची." तेवढं तरी खरं होतं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. जाऊन बघतो तर व्हरांड्यात खुंट्यांवर मुलांचे कोट टांगलेले, आणि आमच्या कन्येनं हात पोचेल त्या प्रत्येक कोटाचे खिसे रिकामे केलेले. ज्याच्या त्याच्या कोटाखाली ज्याचं त्याचं सामान फरशीवर नीट मांडून ठेवलेलं. रुमाल, गोट्या, अर्धं बिस्कीट, एक किल्ली, कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी पडलेला दात. एक शिक्षिका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि चिमटी त्यांना समजावून सांगत होती, "खिसे बघितले नाहीत तर पाण्यात सगळं खराब होतं, हो."

आता तूच सांग, तिची काय चूक? आधी खिसा, मग पाणी, हा बाबांचा नियम. आपल्या घरात पोर चालायला लागतं ते खिसे तपासतच. इतके कपडे ओळीनं टांगलेले तिनं दुसरीकडे कुठे पाहिलेत? तिला वाटलं, धुवायला आलेत. पण तिथे कुणाला काय सांगणार. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्या बाळाचे हात दुसऱ्यांच्या खिशात दिसले.

मुख्याध्यापिका काही वाईट वागल्या नाहीत, हे कबूल करते. "इथे आपण दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावत नाही," एवढंच चिमटीला म्हणाल्या. निघताना त्यांनी मला विचारलं, "चौकातली लाँड्री तुमचीच ना? मग तुमची मोठी बहीण आमच्याकडेच होती. फार शांत मुलगी. वर्षानुवर्षं आवाज ऐकू यायचा नाही तिचा."

ताई, तू? आणि शांत? धुलाईचं मशीन चालू असलं तरी तुझं बोलणं त्याच्या वरताण ऐकू यायचं. मला वाटतं, त्या भलत्याच कुणाला तरी तू समजल्या आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे. ती तू होतीस का? हो की नाही तेवढं कळव, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

जागा याही खेपेला सोडली आहे.

तुझं कार्ड मिळालं. 'हो, ती मीच. चिमटीला तिथे नाही म्हणाले तर बरंच होईल.' मी एक वाक्य मागितलं होतं, तू दोन दिलीस, म्हणजे तशी सुधारणाच. पण दुसरं वाक्य झोंबलं. तिथे शिकून तू जग बघायला गेलीस. जेवून उठलेल्यानं उपाशी माणसाला सांगावं, की जेवण खारट होतं, त्यातली गत.

आणि ते नाही म्हणालेच. जागा भरल्या आहेत, प्रतीक्षा यादीत नाव ठेवलं आहे, असं गोड भाषेत कळवलं. यांनी दिवसभर इस्त्री कपड्यांवर आदळली. दुकान बंद करताना म्हणाले, "खिशांपायी गेलं सगळं. तुझ्या बाबांचा नियम."

मी म्हटलं, "तुमच्या चित्रकलेपायी गेलं."

मग दोघंही हसलो, पण खरं सांगायचं तर मला आतून रडू येत होतं.

त्यानंतर आम्ही एक नवी शाळा पाहिली. सगळी काचेची, दार आपलं आपण उघडणारं, भिंतीवर मोठमोठे पडदे. तिथले संचालक 'सर्वांगीण विकास' हा शब्द इतक्या वेळा म्हणाले की शेवटी यांनाही तो पाठ झाला; आता भाजीत मीठ कमी पडलं की हे सर्वांगीण विकासाची चौकशी करतात. माझं लक्ष मात्र त्या गृहस्थांच्या टायवर होतं. चहाचा डाग, जुना, वरून कुणीतरी गरम इस्त्री फिरवून कायमचा बसवलेला. चिमटीला त्यांनी एक चक्कर मारून आणलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय होतं गं आत? ती म्हणाली, "काही नाही." आमची पोर, आणि 'काही नाही'.

पण हे पत्र लिहायला बसले ते या कशासाठी नाही.

परवा दुकानात चिमटी दिसेना. हाका मारल्या, तर आवाज मोठ्या इस्त्रीटेबलाच्या खालून आला. त्याच्यावरची चादर अजून तशीच जमिनीपर्यंत लोंबते. म्हणाली, "आई, इथे वर कुणीतरी लिहिलंय." मी टॉर्च घेऊन आत सरपटले आणि तिच्या शेजारी उताणी पडले.

ताई, सगळं आहे तिथे. फळीच्या खालच्या अंगाला, तुझ्या अक्षरात, आपल्या कपड्यांवर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीनं. धुतली तरी जात नाही म्हणून बाबा ती आपल्यापासून लपवून ठेवायचे, तीच. आधी मुळाक्षरं, मग बेरजा, मग नद्यांचा नकाशा, एका कडेला 'बडबड करू नये', आणि कोपऱ्यात चौकट आखून हजेरी: 'एकूण मुली: एक. हजर: एक.'

किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. रोज तू शाळेतून आलीस की दप्तर फेकायचीस आणि मला हाताला धरून टेबलाखाली ओढायचीस. तिथे जे जे झालं ते सगळं पुन्हा व्हायचं, बाईंच्या खोकल्यासकट. मी पेंगले की चिमटा काढायचीस. आजवर मी ही गोष्ट सगळ्यांना तुझी दादागिरी म्हणून सांगत आले, आणि लोक हसतही आले. पण परवा तिथे पडल्या पडल्या वाटलं, आपल्याला जे काही येतं ते इथलंच आहे. माझी शाळा होती म्हणा, पण तिथे बाई आल्या तर आल्या. मी वाचायला शिकले ते या फळीखाली. कुठला समुद्र कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि त्या समुद्राच्या वाटेला मी कधी गेलेली नाही.

आपल्यात असं म्हणायची पद्धत नाही, पण पत्रात खपून जाईल. थँक्यू, ताई. अगदी मनापासून म्हणतेय.

फक्त एक कळत नाही. अख्खा दिवसच्या दिवस तू रोज डोक्यात धरून घरी कशी आणायचीस?

धाकटी

१० मार्च

ताई,

तुझं लांबलचक पत्र आलं तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. पहिलं पान वाचलं आणि त्यांना म्हटलं, कोट उद्या न्या. शटर अर्धं ओढून बाकीचं वाचलं. इस्त्रीची वाफ डोळ्यात गेली असं यांना सांगितलं. यांनी इस्त्रीकडे पाहिलं, ती बंद होती, तरी त्यांनी मान डोलावली. तसे शहाणे आहेत.

म्हणजे तू शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायचीस. आणि खिडकीशी का, तर तुझ्या कपड्यांना ड्रायक्लीनच्या औषधाचा वास यायचा म्हणून. ताई, मला तर तो वास कधी आलाच नाही. तो आपल्या घराचाच वास होता, आपल्याला कसा येणार? त्याआधी, पहिल्याच आठवड्यात पुढे बसलेली असताना तू एकदा हात वर केलास, उत्तर बरोबर दिलंस, आणि मागं वळून पाहिलंस तर दोघीतिघींनी नाकं धरलेली. त्यानंतर तुझा हात कधी वर गेला नाही. आणि मी रोज फाटकाबाहेर उभी राहून तुझा हेवा करत होते.

तू लिहिलंयस, 'मी तिथे शिकायला बसतच नव्हते. तुला काय काय सांगायचं ते गोळा करत बसायचे. तू टेबलाखाली ऐकायला नसतीस तर मी कधीच पळून आले असते.' हे वाक्य मी यांना मोठ्यानं वाचून दाखवायला गेले, पण मला पुरं करता आलं नाही. मग त्यांनी पत्र हातात घेऊन आपलं आपण वाचलं. गेल्या पत्रात मी तुझे आभार मानले, आणि तू उलट माझेच मानलेस. आता या आभारांचं काय करायचं तेच मला समजेना झालंय. मी तर नुसती पेंगत होते.

आणि 'दुकान विकून टाक' म्हणालीस ते चिमटीसाठी, तिला कुणी खिडकीशी बसवू नये म्हणून. हे त्याच वेळी सांगितलं असतंस तर? सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं असं नाही म्हणा. तेव्हा मला दुकान म्हणजे बाबाच वाटत होते. आता मशीनं बदलली आहेत, ते जुनं औषधही गेलं. वास येतो तो साबणाचा आणि गरम कापडाचा. तरी तुझं पत्र वाचल्यावर मी जाऊन चिमटीचे केस हुंगून आले. ती म्हणाली, "आई, मी काय फूल आहे का?"

शाळा कशी निवडायची, ते तू शेवटच्या ओळीत लिहिलंयस: 'शाळेकडे काय आहे ते बघू नकोस. बाहेर आल्यावर पोरीकडे घरी सांगायला काय आहे ते बघ.' हे मी यांना वाचून दाखवलं.

"कुठल्या पुस्तकात आहे हे?" यांनी विचारलं.

"माझ्या ताईच्या पत्रात आहे."

"मग बरोबर असणार," म्हणाले. तुझ्याबद्दल यांच्या तोंडून इतकं चांगलं बोलणं मी प्रथमच ऐकलं, म्हणून कळवते.

धाकटी

२६ मार्च

ताई,

आम्हाला एक शाळा सापडली आहे, आणि त्याच दिवसापासून घरात अबोला आहे. आधी शाळेचं सांगते.

आपल्या एक गिऱ्हाईकबाई आहेत, दर सुट्टीत रंगानं बरबटलेले पडदे घेऊन येतात. मला वाटायचं, चित्रकार असाव्यात. परवा बोलता बोलता कळलं की त्या स्वतःच्याच घरात लहान मुलांची शाळा चालवतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे दोन खोल्या आणि एक अंगण, मदतीला त्यांची भाची. पाटी नाही, नुसतं हिरवं दार. आम्ही बघायला गेलो. यांनी दारातच तोंड वाकडं केलं, "मैदान कुठंय?"

चिमटीला मी घरूनच बजावून नेलं होतं, कुणाच्या खिशाला हात लावायचा नाही. तर ही बया दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी. त्या बाईंचा एप्रन चांगला ऐसपैस, दोन्ही बाजूंनी खिसे फुगलेले, आणि चिमटीची नजर त्या खिशांवरून हलत नाही.

बाईंनी विचारलं, "हात का गं बांधलेस?"

"खिसे बघायचे नाहीत म्हणून."

"कुणाचे?"

"तुमचे."

बाईंनी आपल्या एप्रनकडे पाहिलं आणि तिथेच फरशीवर फतकल मारून बसल्या. "बघ की. आत काय काय आहे ते मलाही आठवत नाही."

चिमटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि मग काय विचारतेस. खडूचे तुकडे, शिट्टी, केसांची पीन, अर्धं खाल्लेलं गाजर, गोगलगायीचा शंख, एक बटण. एकेक वस्तू बाहेर आली तशी इतर मुलं गोळा झाली. एकेकाचं सांगणं सुरू: पीन माझी, गाजर त्याचं, शंख आम्हाला अंगणात सापडला. बटण कुणाचं ते कळेना. एका चिमुरड्यानं बाईंच्या एप्रनकडे बोट दाखवलं; बटण तिथलंच होतं. बाई म्हणाल्या, "हे मी कधीची शोधतेय." सगळी पोरं हसली, आमची सगळ्यात जास्त. आम्हाला कुणी काही विचारलंच नाही. हे चित्रकलेचं उत्तर तयार ठेवून बसले होते, ते तसंच राहिलं.

परत येताना चिमटी जी बोलायला लागली ती थांबेचना. शंखातली गोगलगाय कुठे गेली असेल, शिट्टी फक्त बाईंनी वाजवायची असते, एका मुलाला गाजर आवडत नाही म्हणून तो ते बाईंच्या खिशात लपवतो. रस्ताभर मला सांगितलं, दुकानात आल्यावर गिऱ्हाइकांना सांगितलं, तेही संपले तेव्हा टांगलेल्या कोटांना सांगितलं. मला तुझी ओळ आठवत होती आणि उगाच हसू येत होतं.

आणि त्याच संध्याकाळी लोखंडी फाटकाच्या शाळेतून फोन आला. कुणीतरी गाव सोडून गेलं, एक जागा झाली आहे. सोमवारपर्यंत कळवा.

खोटं कशाला बोलू, ताई. तुझं पत्र उशाखाली आहे, तरी माझ्या मनात क्षणभर फटाके वाजले. ते फाटक आम्हाला आत या म्हणत होतं. यांनी तर चिमटीला खांद्यावरच घेतलं. मी म्हटलं, थांबा जरा, विचार करू. तर म्हणाले, "यात विचार कसला? तुझी बहीण शिकली तिथे ती कुठल्या कुठे गेली. आपण कुठे आहोत?" तेव्हापासून ते वेगळे कपडे धुतात, मी वेगळे.

यावर तू काही सुचवू नकोस. तसंही हे तुला सोमवारच्या आत पोचायचं नाही. तुला विचारत नाहीये, तुझ्याशी बोलतेय. बाकी कुणाशी बोलू?

धाकटी

२ एप्रिल

ताई,

झालं ते सगळं सांगते, क्रमानं.

रविवारी सकाळी यांनी स्वतःहून तोंड उघडलं. म्हणाले, "मी शाळा अर्धवट सोडली तेव्हा मला कुणी थांबवलं नाही. आज लोक मला लाँड्रीवाला म्हणतात, त्याचं मला काही नाही. पण हिला लाँड्रीवाल्याची म्हणतात, ते मला आवडत नाही. त्या फाटकातून बाहेर पडली की तिला फक्त तिच्या नावानं ओळखतील." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांना म्हटलं, जरा टेबलाखाली या.

तू यांना बघितलं आहेस. अर्धे आत गेले, अर्धे बाहेर राहिले. कसेबसे उताणे झाले आणि मी टॉर्च धरला. त्यांनी सगळं वाचलं, नद्यांची नावंसुद्धा. हजेरीच्या चौकटीपाशी थांबले.

"हे ताईंनी लिहिलं? त्या शाळेत जात असताना?"

"हो."

"आणि तिथे त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही म्हणतात."

"नाही ऐकला."

त्यांनी हजेरीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. तोवर चिमटीही आत घुसली आणि दोघांच्या मध्ये आडवी झाली. यांनी तिला विचारलं, "त्या मोठ्या फाटकाच्या शाळेत काय होतं गं?"

तिनं विचार केला. "तिथे एकाचा दात होता. त्याला तो मिळाला का?"

"आणखी काय होतं?"

"काही नाही. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, गप्प बस."

"आणि हिरव्या दाराच्या शाळेत?"

यावर ती जी सुरू झाली ती माझे हात टॉर्च धरून भरून आले तरी बोलतच होती. यांनी मध्ये एकदाही 'बास' म्हटलं नाही. शेवटी डोकं फळीला आपटत बाहेर आले, केसांतली जळमटं झटकली आणि म्हणाले, "सोमवारी तू जा. मला तिथे नाही म्हणवणार नाही." मग सायकलवाल्याच्या मागच्या अंगणात उन्हाळ्यात सावली असते का, ते बघायला निघून गेले.

सोमवारी मी गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण मला त्या बाईंना समोर भेटायचं होतं. जागा नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा तुझं सगळं सांगितलं, खिडकीचं, नाकं धरल्याचं, टेबलाचं. भांडायला गेले नव्हते, ताई. मी म्हटलं, "तुम्ही इतक्या वर्षांनी माझ्या बहिणीची आठवण काढलीत, म्हणून मी तिला पत्र लिहिलं. आमचं बोलणं बंद होतं, ते सुरू झालं. त्यासाठी तुमचे आभार मानायचे होते." आणि खरंच मानले.

त्यांनी विचारलं, ती आता काय करते? मी म्हटलं, दूरच्या शहरात लोकांना जुन्या इमारती दाखवत फिरते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलते आणि पगारही बोलण्याचाच मिळतो. बाई हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसल्या.

"मी तिला बक्षीस दिलं होतं," त्या म्हणाल्या. "वर्गातली सर्वांत शांत मुलगी म्हणून. सगळ्यांसमोर."

तू हे मला लिहिलं नव्हतंस.

बाईंनी तुझा पत्ता मागितला, तो मी दिला आहे. रागावू नकोस. निघताना मला दाताची आठवण झाली. बाईंनी त्या व्हरांड्यातल्या शिक्षिकेला बोलावून विचारलं. दात ज्याचा त्याला मिळाला होता; त्यानं तो परत कोटाच्याच खिशात ठेवलाय म्हणे. घरी येऊन हे सांगितल्यावर चिमटीनं सुटकेचा श्वास सोडला. "कोट धुवायच्या आधी त्यांना सांग मात्र," म्हणाली. मी फोन करून तेवढंही सांगितलं.

यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. फळीच्या खालच्या बाजूला आता एक छोटा दिवा बसवलाय त्यांनी. मी बसवा म्हटलं नव्हतं.

धाकटी

१७ जून

प्रिय ताई,

जागा भरली, बघितलंस का.

आज चिमटी शाळेत गेली. हिरव्या दारातून आत गेली ती मागे वळूनही बघितलं नाही. मी आणि हे सायकलवाल्यापाशी उभे राहिलो, आमच्याकडे सायकल नाही हे त्याच्या लक्षात येईपर्यंत. मग दुकानात येऊन मी एकाच बाहीला इस्त्री करत बसले. यांनी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याची पँट दिली. तो घालून बघायच्या आत परत आणली, एवढंच नशीब.

दुपारी आली, दप्तर फेकलं आणि तडक टेबलाखाली गेली. दिवा लावला. मी वाकून म्हटलं, "चल, सांग."

"तुला नाही."

"का बरं?"

"तुला सगळं येतं. मी मावशीला सांगणार. तिनं तुला सांगितलं होतं ना? आता माझी पाळी आहे."

मी म्हटलं, मावशी लांब असते. तर म्हणाली, मग लिहून पाठव. तेव्हा पुढचं सगळं तिचं आहे, मी फक्त हात चालवला. आज बाईंनी दोनदा शिट्टी वाजवली. गाजर लपवणाऱ्या मुलाशेजारी ती बसली आणि त्याचं गाजर तिनं खाल्लं. एक मुलगी दिवसभर रडत होती, तिला चिमटीनं आपला खिसा उघडून दाखवला, मग ती थोडी कमी रडली. बाईंनी विचारलं, पाण्यात काय बुडतं आणि काय तरंगतं, तेव्हा सगळ्यांच्या आधी हात चिमटीनं वर केला. बटण बुडतं, असं सांगितलं. तुझं मागं वळून पाहणं माझ्या मनातून जात नव्हतं, म्हणून मी विचारलं, "मग मागची मुलं काय म्हणाली?" ती म्हणाली, "मागे कुणी नसतं. आम्ही गोल बसतो."

ताई, मी सुखी आहे आज, आणि ते तुझ्यामुळे आहे. तू तिथे गप्प बसून जे गोळा केलंस, त्याच्यावर माझं आयुष्य उभं राहिलं. आणि कुठल्या दारातून पोरीला आत सोडायचं, तेही तुझ्यामुळेच समजलं. यापुढे आभाराचं काही लिहीत नाही, नाहीतर तू पुन्हा उलटे मानशील.

शेवटी चिमटी म्हणाली, आता हजेरी. निळी पेन्सिल तिनं कुठून शोधून काढली देव जाणे, आम्ही ती अजूनही लपवूनच ठेवतो. तुझ्या चौकटीच्या खाली तिनं मला नवी चौकट आखायला लावली. एकूण मुली किती? तिनं बोटं मोजली. मी, तू आणि मावशी. तीन. हजर किती? दोन.

"आणि मावशी?"

"गैरहजर लिही," ती म्हणाली.

मी म्हटलं, असं नको लिहायला, मावशीला वाईट वाटेल. पण बाईंच्या शाळेत खरं तेच लिहितात म्हणे. तेव्हा उताणी पडून, हात भरून येईपर्यंत, मी तुझ्या नावापुढे स्वच्छ अक्षरात 'गैरहजर' लिहिलं आहे.

ती पेन्सिल पुसली जात नाही हे तुला माहीत आहे. आता तू इथे यायचंस, गुडघे कुरकुरले तरी आत सरपटायचंस आणि खाली 'हजर' लिहायचंस. दुसरा उपाय नाही.

तुझी धाकटी